हिमाखालच्या टाक्या आणि देवगडातले गणित

दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब वेधशाळेचे नाव बहुतेक वाचकांनी न्यूट्रिनोंच्या संदर्भात ऐकलेले असते. त्याच वेधशाळेच्या माथ्यावर, बर्फाच्या पृष्ठभागावर, आइसटॉप नावाची एक निराळी मांडणी आहे आणि ती अतिऊर्जावान वैश्विक किरणांचा अभ्यास करते, हे मात्र फारसे कोणाच्या कानावर नसते. माझ्या पीएचडीचे काम या आइसटॉपच्या नोंदींवर आहे. नोंदणी परदेशातल्या एका विद्यापीठात आहे. परंतु वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर घरी राहणे भाग पडले आणि विश्लेषणाचा मोठा भाग देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी, खाडीच्या वरच्या अंगाला, बसून झाला. मी दक्षिण ध्रुवावर कधी गेलेले नाही. या नोंदींवर काम करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण गेलेले नसतात, कारण नोंदी उपग्रहामार्गे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला पोहोचतात, तिथल्या गणकयंत्रांवर राहतात आणि आम्ही जगात कुठेही बसून त्यांवर काम करतो. अशा कामात आकाशापेक्षा हिमाचा, हवेच्या दाबाचा आणि टाक्यांच्या स्वभावाचा विचार कितीतरी अधिक करावा लागतो. काम सुरू करताना मला कोणी हे सांगितले असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

वैश्विक किरण म्हणजे अंतराळातून येणारे प्रोटॉन, हेलियमची अणुकेंद्रे आणि लोखंडापर्यंतची जड अणुकेंद्रे. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून पाच हजार मीटरहून अधिक उंची गाठून हे प्रारण वरूनच येते हे दाखवले, त्याला आता शतक उलटून गेले आहे. कमी ऊर्जेचे कण इतके मुबलक आहेत की ते उपग्रहावरच्या छोट्या उपकरणानेही थेट पकडता येतात. ऊर्जा वाढत जाते तशी त्यांची संख्या झपाट्याने घटते. काही पीईव्हीच्या आसपास, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही पट ऊर्जेला, एका चौरस मीटरवर वर्षाला सुमारे एकच कण येतो. एवढ्यासाठी उपग्रह पाठवून भागत नाही. मग वातावरणालाच उपकरणाचा भाग मानावे लागते: वर आलेला एक कण हवेच्या अणुकेंद्रावर आदळतो, त्यातून नवे कण निघतात, ते पुन्हा आदळतात आणि जमिनीपर्यंत लाखो कणांचा वर्षाव पोहोचतो. जमिनीवर मोजायचे ते या वर्षावाचे कण, आणि त्यांवरून ताडायचे ते वर आलेल्या मूळ कणाची ऊर्जा, दिशा आणि वस्तुमान.

आइसटॉपमध्ये सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर ८१ स्टेशने आहेत आणि प्रत्येक स्टेशनात एकमेकींपासून दहा मीटरवर दोन टाक्या आहेत. टाकीचा व्यास १.८ मीटर, आत ९० सेंटिमीटर खोलीचा नितळ बर्फ. हा बर्फ जमवताना पाण्यात विरघळलेली हवा सतत काढून टाकावी लागली, नाहीतर बुडबुड्यांमुळे तो पांढरा होऊन प्रकाश अडला असता. भारित कण या बर्फातून, बर्फातल्या प्रकाशापेक्षा अधिक वेगाने, जाताना चेरेंकोव्ह प्रकाश नावाचा निळसर उजेड सोडतो आणि टाकीतले दोन प्रकाशसंवेदक तो टिपतात. एक संवेदक क्षीण प्रकाशासाठी अधिक तीक्ष्ण ठेवलेला, दुसरा प्रखर प्रकाशाने गुदमरू नये म्हणून मंद. या टाक्यांच्या बरोबर खाली, १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर, आइसक्यूबचे ५,१६० संवेदक ८६ तारांवर लटकलेले आहेत. सारी बांधणी डिसेंबर २०१० मध्ये पूर्ण झाली.

ध्रुवाचे स्थान या कामाला आणखी एका कारणाने सोयीचे आहे. तिथला पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंच आहे, त्यामुळे वर्षाव ऐन भरात असताना किंवा नुकताच उतरू लागला असतानाच टाक्यांवर पोहोचतो. देवगडच्या किनाऱ्यावर डोक्यावर हवेचा जेवढा थर आहे, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच तिथे आहे. तोच वर्षाव इथपर्यंत येताना पार विरून गेलेला असतो आणि विरलेल्या वर्षावावरून मूळ ऊर्जा काढणे म्हणजे अंदाजावर अंदाज रचणे होय.

माझ्या मार्गदर्शक बाईंची पहिली सूचना अशी होती की, काही काळ एकही आलेख काढायचा नाही, फक्त एकेक घटना उघडून पाहायची. मला ते वेळ काढणे वाटले होते, पण पुढे त्याचा फार उपयोग झाला. पडद्यावर टाक्यांची जाळी दिसते, ज्या टाकीत प्रकाश पडला तिथे वर्तुळ उमटते. वर्तुळाचा आकार प्रकाशाच्या प्रमाणात आणि रंग वेळेनुसार. मला आठवते ती एक घटना वीसेक स्टेशनांवर पसरलेली होती. मध्यभागाजवळच्या टाकीत इतका प्रकाश की तीक्ष्ण संवेदकाची नोंद माथ्याशी सपाट झालेली आणि मंद संवेदकाकडून आकडा घ्यावा लागलेला. कडेच्या टाकीत जेमतेम एका म्यूऑनइतका (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड आणि खोलवर भेदून जाणारा कण). रंग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्याकडे बदलत गेलेले, कारण वर्षाव तिरका आला होता. वर्षावाची आघाडी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सरकते. तीस अंशांनी तिरकी असेल तर एक किलोमीटरच्या अंतरावर दोन टोकांमध्ये सुमारे १.७ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. त्या फरकातून दिशा निघते. आघाडी पूर्ण सपाट नसते, कडेचे कण थोडे मागे रेंगाळतात, म्हणून दिशा आणि वर्षावाचा मध्य ही दोन्ही एकत्रच शोधावी लागतात.

याच वेळी दुसरी एक गोष्ट अंगवळणी पडली. स्टेशनाच्या दोन्ही टाक्यांत एका मायक्रोसेकंदाच्या आत प्रकाश पडला तरच ती नोंद वर्षावाची म्हणून भरवशाची धरतात. एकाच टाकीत पडलेला प्रकाश बहुधा भटक्या म्यूऑनचा असतो. तो टाकून देण्याजोगा आहे असे मात्र नाही.

या भटक्या म्यूऑनांवरच सगळी मापे उभी आहेत. प्रत्येक टाकी, प्रत्येक संवेदक थोडा वेगळा असतो: कुणाच्या अस्तराची परावर्तनशक्ती कमी, कुणाचा संवेदक अधिक संवेदनशील. म्हणून प्रकाश थेट न मोजता 'सरळ उभ्या म्यूऑनने टाकीत जेवढा प्रकाश पडतो तेवढा एक' असे एकक ठरवले आहे. गावात भात मोजायला जशी पायली, तसे हे माप; टाकी कोणतीही असो, मोजायचे याच मापाने. मापाचे इंग्रजी लघुरूप व्हीईएम असे आहे आणि बोलताना आम्ही तेच वापरतो. टाकीत सतत पडणाऱ्या म्यूऑनांच्या प्रकाशाचा आलेख काढला की त्यात एक उंचवटा दिसतो, त्याच्या जागेवरून त्या टाकीचे व्हीईएम ठरते, आणि ही तपासणी पुन्हा पुन्हा केली जाते. उंचवट्याच्या डाव्या बाजूला इलेक्ट्रॉन आणि गॅमा कणांचा उतार असतो. तो लक्षात ठेवावा, त्याचे काम पुढे आहे.

माप ठरल्यावर वर्षावाच्या मध्यापासून अंतर वाढेल तसा टाक्यांतला प्रकाश कसा घटतो, त्याची वक्ररेषा बसवायची आणि मध्यापासून १२५ मीटरवर ती रेषा किती व्हीईएम दाखवते ते वाचायचे. १२५ मीटर हे स्टेशनांमधले साधारण अंतर आहे. या एका आकड्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. सोयीची गोष्ट अशी की, उभ्या वर्षावांसाठी १२५ मीटरवर एक व्हीईएम असेल तर मूळ कणाची ऊर्जा साधारण एक पीईव्ही निघते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा पाहताच ऊर्जेचा अंदाज येतो.

इथवरचे काम कष्टाचे असले तरी वाट मळलेली होती; पूर्वीच्या लोकांनी लिहिलेली प्रणाली चालवायची, तपासायची. अडचण आली ती वर्षांची तुलना करताना. मी एकेका वर्षाच्या नोंदी वेगळ्या घेतल्या आणि ठरावीक आकाराच्या वरचे वर्षाव दर दिवसाला किती येतात ते मोजले. वैश्विक किरणांचा वर्षाव पीईव्हीच्या पातळीवर वर्षागणिक कमी होण्याचे काहीही कारण नाही. तरीही माझ्या आलेखातली प्रत्येक पुढची रेषा आधीच्या रेषेखाली होती. कारण कोणालाही ठाऊक असलेले, मार्गदर्शक बाईंनी आधीच सांगितलेले: हिम.

ध्रुवावर बर्फवृष्टी फार होते असे नाही. ते जगातल्या कोरड्या ठिकाणांपैकी एक आहे. पण पडलेले आणि वाऱ्याने वाहून आलेले हिम वितळत नाही, साचतच जाते. टाक्या बसवताना त्यांचा माथा पृष्ठभागाच्या पातळीत ठेवला होता, तेव्हापासून त्यांवर वर्षाला सरासरी वीस सेंटिमीटरच्या आसपास हिम चढत गेले. ते सगळीकडे सारखे चढत नाही. इमारतींच्या आडोशाला वारा हिम आणून टाकतो, शिवाय आधी बसवलेल्या टाक्या नंतरच्यांपेक्षा अधिक काळ हिमाखाली आहेत. परिणामी काही टाक्यांवर दोन मीटरहून जास्त थर, तर काहींवर त्याच्या निम्माही नाही. वर्षावातले इलेक्ट्रॉन आणि गॅमा कण या थरात शोषले जातात, म्यूऑन मात्र बिनदिक्कत आरपार जातात. प्रचलित दुरुस्तीत हिमाची खोली वाढत जाते तसा प्रकाश ठरावीक प्रमाणात घटत जातो असे मानतात. घटीची लांबी, म्हणजे जेवढ्या हिमाखाली प्रकाश सुमारे ३७ टक्के उरतो ती खोली, सव्वादोन मीटरच्या जवळपास धरली जाते. म्हणजे दीड मीटर हिमाखाली प्रकाश जवळपास निम्मा.

या चुकीची किंमत मोठी का, ते एका साध्या हिशेबाने कळते. वैश्विक किरणांची संख्या ऊर्जेनुसार इतकी वेगाने उतरते की ऊर्जा दहा टक्के कमी मोजली गेली तर एखाद्या ऊर्जेवरच्या कणांची संख्या वीस टक्क्यांच्या आसपास कमी दिसते. हिमाच्या दुरुस्तीत दहा टक्के इकडेतिकडे होणे अगदी सहज शक्य आहे.

त्या दिवसांत बाबा पडवीत आरामखुर्चीवर बसून असत. बागेत जायला डॉक्टरांनी मनाई केलेली, त्यामुळे माझ्या पडद्याकडे पाहण्यावाचून दुसरे काम नव्हते. एकदा मी रंगीत नकाशावर टाक्यांवरच्या हिमाची खोली पाहत असताना त्यांनी विचारले, "गो, आणि ता बरफ मोजता कोण?" मी सांगितले की उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, माणसे प्रत्यक्ष टाकीजवळ जाऊन खोली मोजतात, वर्षातून एखाद-दोनदा. त्यावर ते म्हणाले, "वर्सातना एकदा? मगे मदल्या म्हयन्यांचा काय?"

विश्लेषणाच्या बैठकीत परीक्षकांनी पुढे हाच प्रश्न विचारला, तेव्हा मला उत्तर तयार ठेवता आले. मधल्या महिन्यांसाठी मघाच्या त्या म्यूऑन-आलेखाचा आधार घेतात. हिम वाढले की आलेखातला इलेक्ट्रॉन-गॅमाचा उतार खाली येतो, म्यूऑनचा उंचवटा मात्र जवळपास तसाच राहतो. दोहोंच्या गुणोत्तरावरून थर केव्हा आणि किती वाढला याचा माग लागतो आणि हाताने मोजलेल्या दोन खोल्यांमधली रेषा सरळ न ओढता त्या मागानुसार ओढता येते. मी अशा काही टाक्यांचे आलेख बाबांना दाखवले. एका टाकीवर हिवाळ्यात थोड्याच दिवसांत पुष्कळ हिम साचले होते आणि नंतर महिनोन्महिने काही नाही. वाऱ्याचे वादळ एकदा होऊन गेले की असे होते, असा माझा तर्क आहे.

हे सगळे करूनही माझ्या रेषा तंतोतंत एकमेकींवर बसल्या नाहीत. मोठ्या वर्षावांसाठी बसल्या, लहानांसाठी थोडे अंतर राहिले. याचे कारण शोधण्यात माझा बराच काळ गेला आणि माझ्या मते या साऱ्या कामातला तोच भाग खरा शिकवणारा होता. घटीची एकच लांबी सगळ्या टाक्यांना लावणे ही सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे. वर्षावाच्या मध्याजवळ इलेक्ट्रॉन-गॅमांचे राज्य असते, तिथे हिम जास्त बाधते. लांबच्या टाक्यांत म्यूऑनांचा वाटा मोठा, तिथे तीच दुरुस्ती लावली की आकडा उगाच फुगतो. शिवाय हिम वाढले की लहान वर्षाव किमान स्टेशनांची अट पुरी करू शकत नाहीत आणि नोंदीतच येत नाहीत. जी घटना नोंदलीच गेली नाही तिला दुरुस्ती कोणती लावणार? त्यासाठी खालची ऊर्जा-मर्यादा वर्षागणिक वर सरकवावी लागते. मी लांबच्या टाक्यांचे वजन कमी केले, मर्यादा सर्वांत जास्त हिम असलेल्या वर्षानुसार ठरवली आणि हाती असलेल्या नोंदींपैकी एक मोठा हिस्सा सोडून दिला. सोडून देताना जिवावर आले होते, कारण त्या हिश्श्यात लाखो वर्षाव होते.

विजेबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण कोकणातून असे काम करायचे म्हटले की पहिला प्रश्न तोच येतो. पावसाळ्यात झाड तारेवर पडते आणि वीज जाते, कधी दोन तास, कधी दोन दिवस. मोठी गणना विस्कॉन्सिनच्या यंत्रांवर चालते आणि आपली जोडणी तुटली तरी ती तिकडे चालूच राहील अशी सोय टीमक्स नावाच्या साधनाने करता येते, म्हणून वीज जाण्याने गणना बंद पडत नाही. बंद पडते ती बैठक. अमेरिकेतल्या सकाळी नवाची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला येते. मोबाइलची रेंज घरात एक काडी आणि वरच्या सड्यावर तीन, त्यामुळे मी कितीतरी बैठकांना सड्यावरच्या कातळावर, मांडीवर लॅपटॉप आणि डोक्यावर इरले अशा थाटात हजर राहिले आहे. इरले पाहून एका सहकाऱ्याने ते कुठले उपकरण आहे असे विचारले होते.

ऊर्जेकडे परत येते. १२५ मीटरवरचा आकडा ऊर्जेत बदलण्यासाठी कॉर्सिका नावाची संगणकीय नक्कल वापरतात. तिचा उगम जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथला. तिच्यात प्रोटॉन, हेलियम, ऑक्सिजन आणि लोखंड यांचे वर्षाव घडवायचे, त्यांना टाक्यांच्या आणि हिमाच्या नकलेतून न्यायचे आणि खऱ्या नोंदींशी ताडायचे. यात एक मूळचा कच्चा दुवा आहे. वर्षावातल्या पहिल्या टकरींचे भौतिकशास्त्र ज्या प्रतिमानांवर चालते ती प्रतिमाने प्रयोगशाळेतल्या टकरींवर बेतलेली आहेत. स्वित्झर्लंड-फ्रान्स सीमेवरच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधल्या टकरींची तुल्य ऊर्जा वैश्विक किरणांच्या भाषेत सुमारे १०० पीईव्ही भरते. त्यापुढे सगळा हिशेब पुढे ताणूनच करावा लागतो. शिवाय कोलायडरमध्ये कणशलाकेच्या दिशेलाच निसटणारे कण टिपणे अवघड, आणि वर्षावाला आकार देतात ते नेमके हेच कण.

वस्तुमानासाठी खालचे आइसक्यूब मदतीला येते. वर्षाव वरच्या टाक्यांतून आणि खालच्या संवेदकांतून असा दोन्हीकडे पकडला गेला तर वर इलेक्ट्रॉन-गॅमांचा अंदाज मिळतो आणि खाली, दीड किलोमीटर बर्फ भेदून आलेल्या म्यूऑनांच्या जुडीचा. एवढे खोल पोहोचायला म्यूऑनची ऊर्जा पृष्ठभागाशी सुमारे ५०० जीईव्ही (दहा लाख जीईव्ही म्हणजे एक पीईव्ही) तरी लागते, म्हणजे वर्षावाच्या अगदी सुरुवातीला, खूप उंचावर जन्मलेलेच म्यूऑन तिथवर येतात. लोखंडाचे अणुकेंद्र म्हणजे छप्पन्न कण एकत्र. त्यांची ऊर्जा छप्पन्न वाटण्यांत विभागलेली असते, वर्षाव वातावरणात लवकर फुलतो आणि एकूण ऊर्जा तीच असली तरी म्यूऑन प्रोटॉनपेक्षा जास्त निघतात. हे वाचून असे वाटेल की प्रत्येक घटनेपुढे 'लोखंड' किंवा 'प्रोटॉन' असे लिहिता येईल. तसे लिहिता येत नाही. एका प्रोटॉनचा वर्षाव दुसऱ्या प्रोटॉनच्या वर्षावापेक्षा इतका वेगळा असू शकतो की एकट्या घटनेवरून निर्णय देणे अशक्य. हजारो घटनांचा पसारा घेऊन, त्यात चार गटांचे प्रमाण किती असावे एवढेच ठरवता येते. आइसटॉप आणि आइसक्यूब यांच्या तीन वर्षांच्या नोंदींवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात सरासरी वस्तुमान ऊर्जेबरोबर सुमारे १०० पीईव्हीपर्यंत वाढत जाताना दिसते. आपल्या आकाशगंगेतल्या कणवेगवर्धकांची मर्यादा आधी हलक्या, मग जड कणांच्या बाबतीत संपत जाते, या जुन्या कल्पनेशी ते जुळते. काही पीईव्हीपाशी वर्णपटाचा, म्हणजे ऊर्जेनुसार कणांच्या संख्येच्या आलेखाचा, उतार २.७ वरून ३.१ च्या आसपास जातो, त्याचाही अर्थ याच कल्पनेने लावतात.

हवेच्या दाबाचा धडा मी देवगडला शिकले. ध्रुवावर दाब सरासरी ६८० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि हवामानानुसार त्याच्या दोन्ही बाजूंना वीसेक हेक्टोपास्कल सरकतो. दाब वाढला म्हणजे डोक्यावरचा हवेचा थर वाढला, वर्षाव जास्त विरला, टाकीत प्रकाश कमी. कागदावर हे कळत होते, हातात येत नव्हते. म्हणून पाच सेंटिमीटर बाजूचे प्लॅस्टिक सिंटिलेटरचे, म्हणजे कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकचे, दोन चौकोन, त्यांना चिकटवलेले सिलिकॉन प्रकाशसंवेदक आणि दाब मोजणारी एक छोटी चिप असे साहित्य जुळवून घरीच म्यूऑन मोजायला सुरुवात केली. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला सुमारे एक म्यूऑन जातो. दोन्ही चौकोन एकावर एक ठेवून, दोहोंत एकाच वेळी ठिणगी पडली तरच मोजायचे, असे केल्याने आकडा आणखी कमी झाला.

कोकणासारख्या उष्ण कटिबंधातल्या प्रदेशात दाबाला दिवसातून दोनदा भरती येते, सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास. पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास तो उतरतो. फरक तीन-एक हेक्टोपास्कलचा. म्यूऑनांच्या संख्येत त्याने पडणारा फरक टक्क्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच, आणि नोंदींची संख्या एक लाख झाली तरी निव्वळ योगायोगाने होणारी चूकच ०.३ टक्के असते. म्हणजे एका दिवसाच्या नोंदीत काही दिसणार नाही. कित्येक आठवड्यांच्या नोंदी घड्याळातल्या तासांप्रमाणे एकमेकींवर रचाव्या लागतात. त्यात आणखी एक पेच होता: सिलिकॉनच्या संवेदकाची संवेदनशीलता तापमानाने बदलते आणि तापमानही रोज चढते-उतरते. उपकरण पडवीतून उचलून माजघरात, जांभ्याच्या जाड भिंतींच्या आत ठेवल्यावर हा त्रास कमी झाला. शिवाय तापमानाचा फेरा चोवीस तासांचा, दाबाचा बारा तासांचा, म्हणून दोन्ही वेगळे काढता आले. रचलेल्या आलेखात दाबाच्या दोन भरत्यांच्या वेळी म्यूऑनांचे दोन खड्डे दिसले तेव्हा ध्रुवावरच्या दुरुस्तीचे ते सूत्र मला प्रथमच खरे वाटले. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-३ प्रयोगातला म्यूऑनदर्शक ५६० चौरस मीटरचा आहे, माझ्या चौकोनाच्या सव्वादोन लाख पट; तिथे असे खड्डे दिसायला आठवडे लागत नाहीत. त्याच दर्शकातून डिसेंबर २०१४ मधल्या एका वादळी ढगातला विद्युतदाब १.३ अब्ज व्होल्टच्या घरात असल्याचे निष्पन्न झाले.

खोल बर्फातल्या म्यूऑनांचा ऋतू मात्र उलटा चालतो. ध्रुवावरच्या उन्हाळ्यात वरची हवा तापून विरळ होते, तिथे जन्मलेल्या पायॉन कणांना दुसऱ्या अणुकेंद्रावर आदळण्याआधी विघटन पावून म्यूऑन बनायला अवसर मिळतो आणि उच्च ऊर्जेचे म्यूऑन वाढतात. वरच्या टाक्यांची आणि खालच्या संवेदकांची दुरुस्ती त्यामुळे एकाच सूत्राने होत नाही. एकीला जमिनीलगतचा दाब लागतो, दुसरीला उंचावरचे तापमान.

शेवटी पडदा उघडण्याचा टप्पा येतो. आपल्याला हवे तसे उत्तर येईपर्यंत अटी फिरवत राहण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो, म्हणून सारी पद्धत नोंदींच्या केवळ दहा टक्के भागावर आणि संगणकीय नकलेवर ठरवायची, ती गटातल्या परीक्षकांपुढे मांडायची आणि त्यांची मान्यता मिळाल्यावरच उरलेल्या नव्वद टक्क्यांना हात लावायचा, असा नियम आहे. माझ्या मते साऱ्या संशोधनक्षेत्रांनी उचलावा असा हा नियम आहे, जरी त्याने महिने खर्ची पडतात. मान्यता मिळाली त्या रात्री मी गणना लावून झोपले आणि सकाळी फणसाचे गरे काढत असताना मध्येच हात पुसून आलेख उघडले. वर्णपटाचा आकार पूर्वीच्या प्रसिद्ध निष्कर्षांशी जुळणारा होता. सर्वांत मोठी अनिश्चितता हिमाची असेल असे मी धरून चालले होते. ऊर्जेच्या बाबतीत ती मोठ्यांपैकी एक निघालीही, परंतु वस्तुमानाच्या बाबतीत टकरींच्या प्रतिमानांनी तिला कितीतरी मागे टाकले. प्रत्यक्ष आकडे इथे देत नाही, कारण सहकार्यगटाच्या मान्यतेआधी ते बाहेर सांगायचे नसतात.

हिमाचा प्रश्न पुढच्या उपकरणांनी बराच सुटेल. जानेवारी २०२० मध्ये ध्रुवावर आठ सिंटिलेटर-फलक आणि तीन रेडिओ अँटेना असलेले एक नमुना-स्टेशन उभारले गेले. त्यांचे खांब असे केले आहेत की हिम चढेल तसे त्यांना वर उचलता येते. तोवर जुन्या टाक्यांच्या नोंदी दुरुस्त करीत राहणे आलेच. परीक्षकांनी आता लांबच्या टाक्यांसाठी घटीची वेगळी लांबी घेऊन सगळी गणना पुन्हा करायला सांगितली आहे. ती सध्या चालू आहे आणि बाबा बागेत जायला लागले आहेत, त्यामुळे फवारणीच्या दिवसांत तिच्याकडे मला रात्रीच पाहता येते.